लोकांनी आठवडाभर काय शोधलं आणि का: असा आढावा कसा लिहायचा

सोमवारी सकाळी मागच्या सात दिवसांची शोधयादी उघडली की वरच्या ओळींत काय असणार, हे साधारण ठरलेलं असतं. एखादा मोठा सामना, एखाद्या नामवंताचं निधन, कुठलातरी निकाल, कुठेतरी झालेला भूकंप, नुकताच बाजारात आलेला फोन. यादी आयती मिळते. वाचणाऱ्याला मात्र हे सगळं याच आठवड्यात का उसळलं ते हवं असतं. मी एका साप्ताहिक पत्रकासाठी असा आढावा लिहिते. ज्यांना तो शाळेसाठी, वाचनालयासाठी किंवा नुसता स्वतःसाठी लिहायचा आहे, त्यांच्यासाठी माझी कामाची पद्धत इथे मांडते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. शोध वाढला, एवढंच आकडा सांगतो. तो का वाढला हे आपल्याला तीन ठिकाणांहून काढावं लागतं: शोध नेमका कोणत्या वेळी चढला, त्याच्यासोबत आणखी कोणते शब्द टाइप झाले, आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी त्याची साक्ष मिळते का. या तिन्हींपैकी निदान दोन जुळल्याशिवाय मी 'कारण' हा शब्द लिहीत नाही.

आधी आठवडा आणि घड्याळ

सोमवार ते रविवार की रविवार ते शनिवार, हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका. त्याहून जास्त जपायचं ते घड्याळाला. गूगल ट्रेंड्समध्ये (लोक गूगलवर काय शोधतात ते दाखवणारं गूगलचंच साधन) सात दिवस किंवा त्याहून कमी काळ निवडला तर आलेख तुमच्या स्थानिक वेळेनुसार येतो. तीस दिवसांपेक्षा जास्त काळ निवडला की तोच आलेख यूटीसीनुसार, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या वेळेनुसार, येतो. विकिपीडियाच्या वाचनसंख्येचा दिवसही यूटीसीनुसारच मोजतात. मध्यरात्रीच्या आसपास घडलेली घटना त्यामुळे एका ठिकाणी मंगळवारी दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी बुधवारी, आणि घाईत असलेला माणूस 'लोक दुसऱ्या दिवशी जागे झाले' असं लिहून मोकळा होतो. प्रत्येक नोंदीसमोर वेळ कोणती, हे लिहायची सवय लावा.

यादी कुठून घ्यायची

ट्रेंड्समध्ये दोन वेगळ्या खिडक्या आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. 'ट्रेंडिंग नाउ'मध्ये अचानक उसळलेले शोध मिळतात. तिथे मागचे चार तास, एक दिवस, दोन दिवस किंवा सात दिवस निवडता येतात, शोधांचा ढोबळ आकडा दिसतो, उसळी कधी सुरू झाली ते दिसतं, आणि एकाच विषयाचे वेगवेगळ्या शब्दांत केलेले शोध एकत्र बांधलेले मिळतात. सात दिवसांची यादी सीएसव्ही फाइल (तक्त्यासारखी उघडणारी साधी फाइल) म्हणून उतरवून घ्या. कच्चा माल तोच.

दुसरी खिडकी 'एक्सप्लोर'ची. आपण निवडलेल्या एका शब्दाची तपासणी इथे करायची. इथले आकडे ० ते १०० असतात आणि ते शोधांची संख्या सांगत नाहीत. त्या वेळी, त्या प्रदेशात झालेल्या एकूण शोधांपैकी या शब्दाचा वाटा किती, हे मोजून सर्वांत उंच क्षणाला १०० दिले जातात आणि बाकीचे त्याच्या प्रमाणात बसवले जातात. ० आला म्हणजे कोणीच शोधलं नाही असं नसतं. मोजण्याइतकी माहिती नव्हती, इतकंच. शिवाय हे सगळं शोधांच्या एका नमुन्यावरून काढलेलं असतं.

या १०० वरून किती मोठी गफलत होते, ते २०१६ च्या जून महिन्यात दिसलं. २३ जूनला ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दल मतदान झालं. निकाल लागल्यावर गूगलच्याच ट्रेंड्स खात्याने सांगितलं की ब्रिटनमध्ये संघाविषयी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत 'युरोपीय संघ म्हणजे काय' हा दुसऱ्या क्रमांकावर आहे. जगभर बातमी झाली: मत देऊन आले आणि आता विचारताहेत! पुढे आकडेमोड करणाऱ्यांनी दाखवलं की प्रत्यक्ष शोध फारच थोडे होते. वाढ मोठी दिसत होती कारण एरवी हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारतच नाही. आणि विचारणारे मतदार होते की मतदान न केलेले, की शाळेतली मुलं, हे त्या आलेखातून कळण्याची काही सोयच नव्हती. लाखो माणसांना एका फटक्यात अडाणी ठरवणारी ती बातमी मला आजही खटकते.

म्हणून कुठलाही शब्द एकटा तपासू नका. एक्सप्लोरमध्ये एका वेळी पाच शब्द शेजारी ठेवता येतात. त्यातली एक जागा मी कायम 'हवामान' या शब्दाला देते. तो रोज शोधला जातो आणि साध्या आठवड्यात फारसा हलत नाही. तुमचा उसळलेला शब्द हवामानाच्या रेषेखालीच लोळत असेल, तर 'सगळे हेच शोधत होते' असं लिहायचा हक्क तुम्हाला नाही. (वादळाच्या आठवड्यात अर्थात दुसरी मोजपट्टी घ्यावी लागते.) वाढत्या शोधांच्या 'रायझिंग' यादीत एखाद्या शब्दापुढे 'ब्रेकआउट' दिसलं तरी हुरळून जाऊ नका. वाढ ५,००० टक्क्यांहून जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. शून्याच्या जवळून निघालेल्या शब्दाला तेवढी वाढ सहज मिळते.

आलेखाचा आकार वाचा

सात दिवसांच्या आलेखात तासातासाचे बिंदू असतात. उसळीचा आकार बघितला की निम्मं काम होतं. अनपेक्षित घटनेचा आलेख भिंतीसारखा उभा चढतो आणि मग हळूहळू उतरतो. भूकंप, अपघात, निधन. ठरलेल्या घटनेचा आलेख आधीपासून चढत येतो आणि घटना संपली की धाडकन पडतो; सामना, सण, परीक्षा. रायली क्रेन आणि दिदिए सॉर्नेट या संशोधकांनी २००८ साली यूट्यूबवरच्या जवळपास ५० लाख चित्रफिती किती वेळा पाहिल्या गेल्या ते तपासून असाच फरक मांडला होता: बाहेरून बसलेल्या धक्क्याचा आकार वेगळा, आणि लोकांनी एकमेकांना सांगत सांगत वाढवलेल्या कुतूहलाचा आकार वेगळा.

या दुसऱ्या आकाराकडे जरा जास्त लक्ष द्या. घटना आणि शोध यांच्यामध्ये पुष्कळदा कोणीतरी तिसरा उभा असतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर गूगलवर 'नॉस्ट्रॅडेमस' हे नाव असं उसळलं की त्या वर्षीच्या सर्वाधिक वाढलेल्या शोधांत ते पहिलं आलं. सोळाव्या शतकातल्या एका भविष्यवेत्त्याची लोकांना अचानक आठवण का झाली? त्याच्या नावावर खपवलेल्या बनावट ओळी ईमेलमधून फिरत होत्या, आणि माणसं त्या खऱ्या आहेत का ते बघायला येत होती. इथे 'हल्ल्यांमुळे लोक भविष्याकडे वळले' असं लिहिणं सोपं होतं. पण मधला दुवा होता तो ढकललेला ईमेल, आणि बऱ्याच जणांचा हेतू पडताळणीचा होता. आज त्या ईमेलच्या जागी मेसेज किंवा छोटा व्हिडिओ असतो. आलेखात कुठलीच बातमी नसताना चढ दिसला की असा दुवा शोधा.

सोबतचे शब्द: एका ग्रहणाचा आठवडा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. मी वहीत प्रत्येक विषयाखाली तीन रकाने आखते: आधी, दरम्यान, नंतर. आणि एक्सप्लोरमधल्या 'संबंधित शोध' या यादीतले शब्द वेळेनुसार त्यांत टाकत जाते.

८ एप्रिल २०२४ चं खग्रास सूर्यग्रहण घ्या. सावलीचा पट्टा मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडावरून गेला. आधीच्या रकान्यात येतात तारीख, वेळ, पट्ट्याचा नकाशा आणि ग्रहण बघायचे चष्मे. ही माणसं तयारी करताहेत. त्यांचं 'का' उघड आहे. दरम्यानच्या रकान्यात 'किती वाजता' आणि थेट प्रक्षेपण. काहींचं आकाश ढगाळ आहे, काही जण पट्ट्याच्या बाहेर आहेत. आणि ग्रहण सुटल्यावर नंतरच्या रकान्यात एक वेगळाच शोध उसळतो: 'डोळे दुखताहेत'. २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणानंतरही अमेरिकेत हेच झालं होतं.

आता इथे थांबून विचार करायचा. किती छान मथळा होतो: 'ग्रहण बघून हजारोंचे डोळे बिघडले'. तसं लिहू नका. डोळ्याच्या आतल्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, वेदना जाणवणाऱ्या चेतातंतूच नसतात. सूर्याकडे बघून दृष्टिपटल भाजलं तर ते सहसा दुखत नाही. काही तासांनी दृष्टीच्या मध्यभागी डाग दिसू लागतो, रेषा वाकड्या दिसतात. ज्याला खरी इजा झाली तो बहुधा 'डोळ्यासमोर डाग' असं काहीतरी टाइप करेल. 'डोळे दुखताहेत' टाइप करणाऱ्यांत मोठा भरणा घाबरलेल्यांचा असणार: क्षणभर चष्म्याशिवाय वर बघितलं, आणि आता प्रत्येक चुरचुरीत धोका दिसतोय. त्या शोधामागे भीती आहे, आणि तीही बातमीच आहे. फक्त तिला इजांचा आकडा म्हणून खपवायचं नाही.

नेमकी हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर एकदा घडली. गूगलने २००८ साली फ्लू ट्रेंड्स सुरू केलं. लोक तापाबद्दल, खोकल्याबद्दल काय शोधतात त्यावरून फ्लूची साथ सरकारी आकड्यांच्या आधी ओळखायची, अशी कल्पना. २००९ मध्ये त्यावर 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात शोधनिबंधही आला. २०१२-१३ च्या हिवाळ्यात मात्र त्याचा अंदाज अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, आकड्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. बातम्यांत फ्लूची चर्चा वाढली की धडधाकट माणसंही फ्लूच शोधतात, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. २०१५ मध्ये तो उपक्रम बंद झाला. एवढी साधनं हाताशी असलेल्यांना जे जमलं नाही, ते आपण एका आलेखावरून करू नये.

माणसं की यंत्रं?

दुसरी साक्ष म्हणून मी विकिपीडियाची वाचनसंख्या घेते. 'पेजव्ह्यूज' या साधनात १ जुलै २०१५ पासूनची रोजची संख्या मिळते, आणि ती प्रमाणबद्ध नसून खरीखुरी मोजलेली असते. वाचक म्हणून 'यूजर' निवडा, म्हणजे ओळखता आलेली यंत्रं वगळली जातात. मग मोबाइल आणि डेस्कटॉप वेगळे करून बघा. माणसांनी उघडलेल्या लेखात दोन्हींचं मिश्रण असतं. जवळपास सगळं वाचन एकाच बाजूने आलं असेल तर मी तो लेख यादीतून काढते, मग तो कितीही वर असो. मुखपृष्ठ आणि शोधपृष्ठ तर काढायचंच. काही मोठ्या भाषांसाठी 'क्लिकस्ट्रीम' नावाची मासिक माहितीही मिळते, त्यात वाचक कोणत्या लेखावरून कोणत्या लेखावर गेले ते कळतं. 'का'च्या शोधात असलेल्या माणसासाठी ही खाणच आहे, पण ती महिना संपल्यावर येते. साप्ताहिक कामाला मागाहून पडताळणी म्हणूनच वापरता येते.

यंत्रांचा संशय का घ्यायचा, त्याचं माझं आवडतं उदाहरण एका फुलाचं आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या साठ्यातलं जांभळ्या अ‍ॅस्टरचं एक साधं छायाचित्र २०२० च्या मध्यापासून भारतातून दिवसाला सुमारे ९ कोटी वेळा मागवलं जाऊ लागलं. फुलांचं असं वेड कुणाला लागलं होतं? कुणालाच नाही. २०२१ च्या सुरुवातीला तांत्रिक मंडळींनी माग काढला तेव्हा कळलं, एक मोबाइल अ‍ॅप उघडलं की ते छायाचित्र मागवत होतं, आणि वापरणाऱ्याला ते दाखवतही नव्हतं.

उलटंही होतं. २५ जून २००९ ला मायकल जॅक्सन गेला. त्याचं नाव शोधणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की गूगलच्या यंत्रणेला हा हल्लाच वाटला, आणि काही काळ गूगल न्यूजवर शोधणाऱ्या कितीतरी जणांना निकालांऐवजी दिलगिरीचं पान दिसलं. माणसं दुःखाने एकाच वेळी एकच नाव टाइप करत होती आणि यंत्राला ती यंत्रं वाटली. तेव्हा आकडा विचित्र दिसला म्हणून तो खोटाच, असंही समजू नका. घड्याळ आणि सोबतचे शब्द बघा. शोकात असलेली माणसं गाणी, वय, कारण, कुटुंब असं पुष्कळ काही शोधतात. यंत्र एकच ओळ पुन्हा पुन्हा मागतं.

शब्द, लिपी आणि विषय

इथे थोडक्यात. एक्सप्लोरमध्ये शब्द टाइप केला की खाली 'सर्च टर्म' आणि 'टॉपिक' असे पर्याय येतात. टर्म म्हणजे तेवढीच अक्षरं. टॉपिक म्हणजे तो विषय, वेगवेगळ्या भाषांतल्या आणि स्पेलिंगांतल्या शोधांसकट. मराठी शोधणारे एकच नाव देवनागरीत लिहितात, रोमन अक्षरांत लिहितात, नुसतं बोलूनही शोधतात. फक्त देवनागरी टर्म तपासली तर निम्मी माणसं हिशेबातून गळतात. विषय मोजायचा असेल तर टॉपिक, लोकांचे नेमके शब्द हवे असतील तर टर्म.

हेतूचा अंदाज कुठवर करायचा

संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये शोधांचे तीन प्रकार पाडले होते, ते अजून उपयोगी पडतात: ठरलेल्या जागी पोचण्यासाठी, माहितीसाठी, आणि काहीतरी काम करून घेण्यासाठी. पहिला प्रकार आढाव्यातून वगळा. एखाद्या संकेतस्थळाचं नाव वरच्या दहांत आलं तर लोकांना त्याबद्दल कुतूहल वाटलं असं नाही, बहुतेकांना फक्त तिथे जायचं होतं. अपवाद एकच: ते संकेतस्थळ बंद पडलं असेल तर. मग सोबतच्या शब्दांत 'चालत नाही', 'बंद आहे का' दिसतं आणि तीच बातमी असते. तिसऱ्या प्रकारातही 'का' साधं असतं, अर्जाची शेवटची तारीख किंवा निकालाचा दिवस. मेहनत घ्यायची ती दुसऱ्या प्रकारावर.

आणि काही शोध उसळले तरी मी लिहीत नाही. आजार, आत्महत्या, कर्ज, घरातली मारहाण, यांबद्दलचे शोध एखाद्या लहान प्रदेशापुरते वाढलेले दिसले की ते तिथेच सोडते. २००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले जवळपास २ कोटी शोध खुले केले. नावांच्या जागी क्रमांक होते. पत्रकारांनी थोड्याच दिवसांत नुसत्या शोधांवरून एका क्रमांकामागची व्यक्ती शोधून काढली. माणूस शोधपेटीत जे लिहितो ते शेजाऱ्यालाही सांगत नाही. आपल्याकडे येणारे आकडे एकत्रित असले तरी छोट्या गावाचं नाव आणि नाजूक शब्द शेजारी छापले की लोक बोटं दाखवू लागतात.

नोंद लिहिताना

एका विषयाला तीन-चार वाक्यं पुरतात. ग्रहणाच्या आठवड्याची माझ्या पद्धतीची नोंद अशी होईल: 'सोमवारी, ८ एप्रिलला उत्तर अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झालं. तोवर लोक वेळ, नकाशा आणि चष्मे शोधत होते. ग्रहण सुटल्यावर तिथे "डोळे दुखताहेत" हा शोध अचानक चढला. दृष्टिपटलाची इजा सहसा दुखत नाही, त्यामुळे ही वाढ इजांपेक्षा काळजीची असावी. डोळ्यासमोर डाग दिसत असेल किंवा सरळ रेषा वाकड्या दिसत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.' यातलं 'असावी' हे क्रियापद मी संपादकालाही बदलू देत नाही. शेवटचं वाक्यही काढू देत नाही, कारण जे घाबरून शोधत होते त्यांतले काही जण हीच नोंद वाचणार असतात.

विषय पाच-सहाच ठेवा. क्रम आकड्यांनुसार लावायची सक्ती नाही. ज्याचं 'का' तुम्हाला नीट सापडलं तो वर घ्या, ज्याचं सापडलं नाही त्याची फक्त वाढ नोंदवा आणि पुढे चला. गूगलने अनेकदा सांगितलंय की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के याआधी कधीच कोणी केलेले नसतात, तेव्हा कुठलीही यादी संपूर्ण आठवडा दाखवत नाही. 'लोकांनी' ऐवजी 'बऱ्याच लोकांनी' लिहिलेलं बरं. उतरवलेली सीएसव्ही फाइल तारखेच्या नावाने जपून ठेवा. ट्रेंड्स नमुन्यावर चालतं, म्हणून पुढच्या महिन्यात तोच आलेख मागितलात तर आकडे थोडे वेगळे येऊ शकतात, आणि कोणी विचारलं तर दाखवायला तुमच्याकडे त्या दिवशीची प्रत हवी.